हाडातली चरबी, रक्तातली पाचर

'हाडामांसाचा माणूस' हा शब्दप्रयोग आपण बोलताना सहज वापरतो. त्यात हाड आहे, मांस आहे. पण हाडाच्या आत काय असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. आपल्या जुन्या वैद्यकाने मात्र तो केला होता. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असे सात धातू आयुर्वेदाने सांगितले आहेत. या क्रमात अस्थीच्या एका बाजूला मेद आहे आणि दुसऱ्या बाजूला मज्जा आहे. मेद म्हणजे चरबी आणि मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ गर. आधुनिक शरीरशास्त्र सांगते की, प्रौढ माणसाच्या लांब हाडांतील हा गर बहुतांशी चरबीचाच असतो. ही चरबी जागच्या जागी असते तोवर निरुपद्रवी असते. ती जागा सोडून रक्तात शिरली, तर मात्र प्रसंगी प्राणावर बेतते. या प्रकाराला डॉक्टर 'फॅट एम्बोलिझम' म्हणतात. मराठीत त्याला मेद-अंतर्कीलन असे भारदस्त नाव आहे. कील म्हणजे खिळा किंवा पाचर. रक्तवाहिनीच्या आत बसलेली पाचर ती अंतर्कील. आणि ती पाचर चरबीची असली की झाले मेद-अंतर्कीलन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जवळजवळ हाच आहे.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने असल्या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आता केवळ मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांची राहिलेली नाही. ती सोलापुरात होते आणि आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांच्या वाट्याला ती येते. अशा वेळी घरात जो कोणी कॉलेजात शिकत असेल, त्याच्या हातात कागद दिला जातो. तो कोणत्या शाखेत आहे हे कोणी पाहत नाही.

गुडघा आणि त्याची झीज

गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा सांधा होय. वरून मांडीचे हाड येते, खालून नडगीचे हाड येते आणि समोर गुडघ्याची वाटी असते. ही हाडे जिथे एकमेकांवर सरकतात, तिथे त्यांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. वय, वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता आणि कष्ट यांमुळे हा थर झिजत जातो. मग हाडावर हाड घासते. चालताना कळ येते, जिना चढवत नाही, मांडी घालून बसवत नाही. पुढे पाय धनुष्यासारखा वाकू लागतो. वर्षानुवर्षे गुडघे दुमडून केलेल्या कामाने ही झीज वाढते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

सोलापूर हे गिरण्यांचे, मागांचे आणि विड्यांचे शहर. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. ती आता बंद पडून पुष्कळ वर्षे लोटली. गिरण्या गेल्या, पण यंत्रमाग राहिले आणि विड्याही राहिल्या. मागावरचा कामगार पाळीचे सगळे तास उभा असतो. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बसलेली असते. हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत ती क्वचितच उठते. एकाचे गुडघे उभ्याने झिजतात, दुसरीचे बसून. साठीच्या घरातल्या अशा बायका भिंतीला धरून उठताना आपण रोज पाहतो. पण तो एक आजार आहे आणि त्यावर इलाज आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

इलाज अर्थातच शस्त्रक्रियेपासून सुरू होत नाही. वजन उतरविणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, हातात काठी, वेदनाशामक औषधे हे आधीचे उपाय होत. ते सगळे थकले की मगच सांधा बदलण्याचा विचार करावयाचा असतो.

सांधा कसा बदलतात

कृत्रिम गुडघ्याची कल्पना जुनी आहे. बर्लिनचे शल्यचिकित्सक थेमिस्टोक्लेस ग्लूक यांनी १८९०च्या सुमारास हस्तिदंताचा बिजागरीसारखा सांधा करून पाहिला होता. पण जंतुसंसर्गापुढे तो टिकला नाही. आज वापरतात त्या सांध्याचा पाया १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये घातला गेला. जॉन इन्सॉल यांच्याबरोबर त्या कामात डॉ. चित्तरंजन राणावत हे मूळचे भारतीय शल्यचिकित्सकही होते. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय माणसाच्या मापाचा 'इंडस' नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

शस्त्रक्रियेत पूर्ण गुडघा काढून टाकतात असा एक गैरसमज आहे. वास्तविक हाडांची झिजलेली टोकेच काही मिलिमीटर जाडीने कापतात. मांडीच्या हाडावर धातूची टोपी बसवितात, नडगीच्या हाडावर धातूची बैठक बसवितात आणि दोहोंच्या मध्ये एका विशिष्ट प्लास्टिकचा तुकडा ठेवतात. धातू आणि हाड यांना धरून ठेवण्यासाठी बहुधा 'बोन सिमेंट' वापरतात. ही पूड आणि द्रव एकत्र कालवून केलेली लापशी असते आणि ती काही मिनिटांत घट्ट होते.

येथे एक अडचण उभी राहते. हाड कोणत्या कोनात कापावयाचे हे कसे ठरवावे? कोन चुकला तर पाय सरळ होत नाही आणि नवा सांधा लवकर झिजतो. सुतार ओळंबा सोडतो, तसा शल्यचिकित्सकालाही काही आधार लागतो. त्यासाठी रूढ पद्धत अशी की, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला छिद्र पाडून त्याच्या पोकळीत एक लांब, सरळ धातूची कांडी सरकवितात. कांडी हाडाची दिशा दाखविते आणि त्या दिशेवरून कापण्याचा कोन ठरतो. आपल्या विषयाचा संबंध नेमका या कांडीशी आहे.

नळीतला गर

ज्यांच्या घरी मटण शिजते, त्यांना नळी ठाऊक असते. ताटाच्या कडेवर नळी आपटून आतला गर चोखून खाण्यासाठी भावंडांत भांडणे होतात. हा गर गरम असताना पातळ असतो. थंड झाला की लोण्यासारखा पांढरट आणि चिकट होतो. माणसाच्या मांडीचे हाडही असेच नळीसारखे आहे. जन्माच्या वेळी त्यातली मज्जा लाल असते आणि तिथे रक्तपेशी तयार होतात. वय वाढते तसतशी मधल्या भागातली मज्जा पिवळी होते, म्हणजे तिच्यात चरबी भरते. म्हातारपणी हाड आतून पोकळ आणि विरळ होत जाते, तसे चरबीला अधिक जागा मिळते.

आता या भरलेल्या, बंद नळीत कांडी सरकविली तर काय होईल? सायकलच्या पंपात दट्ट्या दाबल्यावर जे होते तेच. आतला दाब वाढतो. हाडाच्या आत बारीक शिरांचे जाळे असते आणि त्या शिरा हाडाच्या भिंतींना चिकटलेल्या असल्यामुळे सहज मिटत नाहीत. दाब वाढला की पातळ झालेली चरबी या उघड्या तोंडांतून रक्तात ढकलली जाते. सिमेंट दाबून भरतानाही असाच दाब निर्माण होतो. शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणून मांडीवर हवेचा पट्टा आवळतात. तो सोडताच अडून राहिलेले बरेचसे कण एकदम पुढे निघतात.

पायातून निघालेले अशुद्ध रक्त मोठ्या शिरेने हृदयाच्या उजव्या बाजूला जाते आणि तेथून फुप्फुसांत जाते. फुप्फुसांतील केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की, लाल रक्तपेशीही त्यांतून अंग चोरूनच जाते. चरबीचा थेंब तिथे अडकतो. ही झाली पाचर. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. अडकलेल्या चरबीवर शरीरातील पाचक द्रव्ये काम करू लागतात आणि तिच्यातून मेदाम्ले सुटतात. ही आम्ले केशवाहिन्यांच्या नाजूक भिंतींना इजा करतात; भिंती झिरपू लागतात आणि फुप्फुसांत पाणी साठते. या दुसऱ्या क्रियेला वेळ लागतो. म्हणूनच हा आजार शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दिसेल असे नाही. बहुधा तो २४ ते ७२ तासांच्या दरम्यान प्रकट होतो. माणूस खोलीत आलेला असतो, भेटायला आलेल्या नातेवाइकांशी बोलून झालेले असते, आणि मग हे घडते.

एक गोष्ट मात्र येथे ठळकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कोणी उगाच घाबरावयाचा. चरबीचे कण रक्तात जाणे आणि त्यामुळे आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्ननलिकेतून यंत्र घालून हृदयाची चित्रे घेतली असता असे दिसले की, गुडघ्याच्या बहुतेक शस्त्रक्रियांत थोडेफार कण हृदयातून जातातच. पण फुप्फुसे ते निमूटपणे पचवितात आणि रुग्णाला पत्ताही लागत नाही. खरा आजार फार थोड्यांना होतो; गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत शेकड्यात एकालाही नाही. मांडीचे हाड अपघातात मोडते तेव्हा मात्र हे प्रमाण वाढते आणि शेकडा एक ते तीन जणांत तो आढळतो.

शोधाचा इतिहास

या आजाराची ओळख कष्टकऱ्यांच्या देहावरच पटली, ही गोष्ट गिरणगावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८६२ साली झेंकर या जर्मन शास्त्रज्ञाने, गाड्यांच्या मध्ये चिरडून मेलेल्या एका रेल्वे कामगाराच्या फुप्फुसांत चरबीचे थेंब पाहिले आणि त्याची नोंद केली. जिवंत माणसात हा आजार ओळखण्याचा मान फॉन बेर्गमान या शल्यचिकित्सकाला दिला जातो. १८७३ साली छपरावरून पडून मांडीचे हाड मोडलेला एक मनुष्य त्याच्याकडे आला होता. बेर्गमानने पूर्वी मांजरांच्या शिरांत चरबी सोडून प्रयोग केलेले होते. रुग्णाची लक्षणे पाहून त्याला त्या प्रयोगांची आठवण झाली, असे सांगतात.

पुढे १९७० साली गर्ड यांनी, आणि १९७४ साली गर्ड व विल्सन यांनी, निदानासाठी काही निकष मांडले. त्यांत मुख्य लक्षणे तीन आहेत: श्वासाचा त्रास, मेंदूवरचा परिणाम आणि अंगावर उठणारे बारीक लाल ठिपके. ताप, नाडीचा वेग वाढणे, डोळ्यांच्या पडद्यातील बदल, रक्तातील बिंबिका कमी होणे ही दुय्यम लक्षणे होत. एखादे मुख्य लक्षण आणि चार दुय्यम लक्षणे जुळली व रक्तात चरबी आढळली, की निदान पक्के धरावयाचे अशी ती पद्धत. एकच चाचणी करून 'हो' किंवा 'नाही' सांगता यावे अशी सोय या आजारात आजही नाही. डॉक्टरला खुणा जुळवीत जावे लागते.

नातेवाइकांनी काय पाहावे

रुग्णाजवळ रात्रभर बसणारा माणूस डॉक्टर नसतो. तो मुलगा, सून किंवा नात असते. म्हणून या तीन खुणा घरच्या भाषेत समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली खूण श्वासाची. रुग्णाला धाप लागते, श्वास भराभर चालतो, ओठ निळसर दिसतात. बोटाला लावलेल्या चिमट्याच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली येऊ लागतो.

दुसरी खूण मेंदूची, आणि घरच्यांची फसगत होते ती येथेच. कालपर्यंत नीट बोलणारी म्हातारी दुसऱ्या दिवशी असंबद्ध बोलू लागते, माणसे ओळखत नाही, अंथरुणातून उठू पाहते, किंवा गप्प होऊन झोपेतच राहते. आपली माणसे म्हणतात, 'भूल अजून उतरली नाही', 'वयच झालंय', 'वाऱ्यात बोलतेय'. क्वचित कोणी दृष्टही काढते. म्हाताऱ्या माणसांत शस्त्रक्रियेनंतर गोंधळलेपण येण्याची कारणे अनेक असतात हे खरे. वेदना, औषधे, झोपमोड, क्षारांचे प्रमाण बिघडणे ही त्यांतली काही होत. पण त्या यादीत चरबीची पाचरही आहे. कारण कोणते, हे ठरविण्याचा अधिकार आपला नव्हे. आपले काम एवढेच की, बदल दिसताच नर्सला हाक मारावी आणि 'काल अशी नव्हती' हे स्पष्ट सांगावे. काल ती कशी होती, हे रात्रपाळीच्या नर्सपेक्षा आपल्याला अधिक माहीत असते.

कोणी विचारील, फुप्फुसांत अडकलेली चरबी मेंदूपर्यंत पोचते कशी? काही कण इतके बारीक असतात की ते केशवाहिन्यांतून पार होतात. शिवाय सुमारे चौथाई माणसांत हृदयाच्या उजव्या व डाव्या कप्प्यांमधील, गर्भावस्थेतले एक झडपेचे छिद्र पुरते बुजलेले नसते. एरवी त्याचा काही त्रास नसतो. पण उजव्या बाजूचा दाब वाढला की ही आडवाट उघडते. मेंदूच्या एम.आर.आय. चित्रात तेव्हा आभाळातल्या चांदण्यांसारखे पांढरे ठिपके विखुरलेले दिसतात.

तिसरी खूण त्वचेची. छाती, खांदे, मान, काखा आणि डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू येथे टाचणीच्या डोक्याएवढे तांबडे ठिपके उठतात. ते सर्वांनाच उठत नाहीत आणि लवकर नाहीसेही होतात. सावळ्या अंगावर ते सहज दिसत नाहीत, म्हणून पापणी उलटून पाहणे महत्त्वाचे ठरते.

रक्ताच्या गुठळीचा धोका हा याहून वेगळा. पायाच्या शिरेत रक्त साकळून ती गुठळी फुप्फुसात जाणे ही अधिक वेळा आढळणारी गोष्ट आहे. त्यासाठी रक्त पातळ करणारी औषधे देतात आणि रुग्णाला लवकर चालवितात. चरबीच्या पाचरेवर मात्र ही औषधे चालत नाहीत. तिच्यावर नेमके औषध असे नाहीच. ऑक्सिजन देणे, गरज पडल्यास कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवणे, रक्तदाब सांभाळणे आणि शरीराला स्वतःचे काम करू देणे हाच उपचार. वेळेवर आधार मिळाला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. तथापि ज्यांना पूर्ण आजार जडतो, त्यांच्यापैकी शेकडा ५ ते १५ जण दगावतात असे निरनिराळ्या अभ्यासांत आढळले आहे. म्हणून खूण लवकर ओळखण्याला एवढे महत्त्व.

एक गुडघा की दोन्ही?

आता मी एका व्यावहारिक प्रश्नाकडे वळते. पुष्कळांचे दोन्ही गुडघे झिजलेले असतात. ते एकाच वेळी बदलावेत की काही महिन्यांच्या अंतराने? आमच्या घरी हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. माझ्या आजीने वयाच्या बाराव्या वर्षापासून विड्या वळल्या. तिचे दोन्ही गुडघे बदलावयाचे ठरले, तेव्हा दोन्ही पर्याय डॉक्टरांनी सांगितले. वडिलांनी बोटांवर हिशेब मांडला. दोन्ही एकदम केले तर दवाखान्याची खोली एकदाच, भूल एकदाच, आईची मजुरी एकदाच बुडणार, वडिलांचे मागावरचे खाडे एकदाच पडणार. हिशेब चोख होता. संमतीचा चार पानी इंग्रजी कागद घरी आणला होता. आजी मला म्हणाली, "पोरी, एवढं शिकलीस की, त्या कागदात काय लिवलंय ते सांग बघू." त्या कागदावर धोक्यांच्या यादीत मला हे दोन शब्द प्रथम भेटले. अर्थ शोधण्यासाठी मी शब्दकोश पाहिला, ग्रंथालयात बसले, ओळखीच्या एका शास्त्रशाखेच्या प्राध्यापकांना विचारले.

जे कळले ते असे. दोन्ही गुडघे एकाच बैठकीत बदलले तर दोन हाडांतली चरबी एकाच दिवशी फुप्फुसांवर येते. हृदयावर ताण पडतो, रक्तही अधिक जाते. तरुण व निरोगी रुग्णाला हे सोसते आणि त्याचे दुखणे एकदाच संपते; म्हणून ही पद्धत सर्वथा चूक नव्हे. पण वय ७५च्या पुढे असेल, हृदयाचा अथवा फुप्फुसांचा विकार असेल, तर डॉक्टर सहसा दोन वेगळ्या शस्त्रक्रियांचा सल्ला देतात. आजीचे वय तेवढे नव्हते; पण तंबाखूच्या धुळीत आयुष्य गेल्यामुळे तिला जुना खोकला होता. तो 'सगळ्याच विडीवाल्या बायकांना असतो' म्हणून घरात कोणी आजार मानलाच नव्हता आणि म्हणून डॉक्टरांना सांगितलाही नव्हता. पुढच्या खेपेस मी तो सांगितला. त्यांनी छाती तपासली, चाचण्या करविल्या आणि एकेक गुडघा करू या असे सुचविले. उजवा झाला. काही त्रास झाला नाही. डाव्याचा विचार पुढे होईल. वडिलांच्या हिशेबात खोली होती, भूल होती, खाडे होते. फक्त खोकला नव्हता.

मोठ्या माणसांची उदाहरणे आपल्याकडे लवकर पटतात, म्हणून एक देते. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले. शस्त्रक्रिया वर उल्लेखिलेल्या डॉ. राणावत यांनी केल्या. डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये, म्हणजे मध्ये सुमारे आठ महिन्यांचे अंतर होते. त्या वेळी वाजपेयींनी पंचाहत्तरी गाठलेली होती. देशाचा कारभार अंगावर असलेल्या माणसालाही दोनदा रुग्णालयात राहावे लागले. त्या शस्त्रक्रियांच्या बातम्यांमुळे ही उपचारपद्धती घरोघर माहीत झाली. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरविण्यात आली. त्यापूर्वी अशा सांध्याची छापील किंमत सरासरी दीड लाखाच्या वर असे. पंतप्रधानांचा इलाज अशा रीतीने कामगाराच्या आवाक्याजवळ आला. पण सांधा स्वस्त झाला म्हणून त्यातले धोके समजून घेण्याचे कष्ट कमी झाले नाहीत.

टाळता येते काय?

धोका पुरता टळत नाही, परंतु कमी करता येतो. कांडीसाठी पाडलेले छिद्र कांडीपेक्षा मोठे ठेवले, तर चरबीला मागे बाहेर पडावयास वाट मिळते. कांडी भरीव न वापरता खाचांची किंवा पोकळ वापरतात. ती घालण्यापूर्वी पोकळीतला गर शोषून घेतात वा धुऊन काढतात. कांडी सावकाश सरकवितात. संगणकाच्या साहाय्याने दिशा ठरविण्याची पद्धतही आता आली आहे. तिच्यात पोकळीत कांडी घालण्याची गरजच राहत नाही. भूलतज्ज्ञ संपूर्ण वेळ ऑक्सिजन व रक्तदाब यांवर नजर ठेवून असतो, विशेषतः मांडीचा पट्टा सोडताना.

अपघातातील मोडलेल्या हाडाविषयीही चार शब्द सांगणे अवश्य आहे, कारण तेथे धोका अधिक असून शहाणपण कमी दिसते. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला उचलून रिक्षात कोंबणे, मोडलेला पाय लोंबकळत ठेवणे, हाडवैद्याकडे नेऊन तेल लावून चोळणे हे प्रकार आजही घडतात. हलणाऱ्या तुकड्यांच्या मधून मज्जेतली चरबी पुनःपुन्हा रक्तात ढकलली जाऊ शकते. पाय आहे त्या स्थितीत दोन्ही बाजूंनी फळ्या लावून बांधावा, कमीत कमी हलवावा आणि रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. मोडलेली हाडे लवकर स्थिर केली की हा आजार कमी होतो, हे गेल्या अर्धशतकाच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. आपल्या शहरात सिव्हिल हॉस्पिटल आहे आणि १९६३ सालापासूनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या गावाने डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसारखा, परक्या देशातील जखमींसाठी देह झिजविणारा शल्यचिकित्सक दिला, त्या गावात तरी मोडलेल्या मांडीला तेल चोळण्याची वेळ येऊ नये.

भाषेचा प्रश्न

शेवटी एक मुद्दा मांडते. तो वैद्यकाचा नाही, आपल्या शाखेचा आहे. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असा निर्णय दिला की, रुग्णाची संमती खरी ठरावयाची तर उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके त्याला पुरेसे समजावून दिलेले असले पाहिजेत. मात्र दूरचे, विरळा घडणारे धोके सगळेच सांगत बसणे डॉक्टरवर बंधनकारक नाही, असेही न्यायालयाने म्हटले. हे व्यवहाराला धरून आहे; प्रत्येक रुग्णाला प्रत्येक धोका सांगावयाचा तर शस्त्रक्रिया कधी करावयाची? पण याचा अर्थ असा की, विरळा धोक्यांविषयी विचारण्याची जबाबदारी बरीचशी आपल्यावर येते. आणि विचारण्यासाठी आधी शब्द लागतात. 'फॅट एम्बोलिझम' हे दोन शब्द कागदावर वाचून खाली अंगठा उठविणाऱ्या बाईची ती संमती मानावी काय? 'मेद-अंतर्कीलन' असे लिहून तरी तिला काय अधिक कळणार? 'हाडातली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू शकते; असे फार क्वचित होते; झाले तर धाप लागते, बोलणे बिघडते' ही दोन ओळींची मराठी कोणालाही कळेल. ती लिहिण्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. डॉक्टरांनी तपासून द्यावी आणि भाषेच्या विद्यार्थ्यांनी लिहावी, असे हे काम आहे. सोलापुरात तर ते मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही व्हावयास हवे. कारण विड्या वळणाऱ्या व माग चालविणाऱ्या कितीतरी घरांतून याच भाषा बोलल्या जातात आणि त्या घरांतली मुलेमुली आपल्याच वर्गांत बसतात.

तोपर्यंत आपल्या घरात कोणाचा गुडघा बदलावयाचा ठरला तर डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारावेत. एक गुडघा की दोन्ही, आणि का? हृदय व फुप्फुसे हे सोसतील काय? दिशा ठरविण्यासाठी कांडी वापरणार असाल तर चरबीसाठी कोणती काळजी घेता? पहिले तीन दिवस आम्ही काय पाहावे आणि कोणाला हाक मारावी? हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. आमच्या डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि प्रत्येकाचे उत्तर दिले. आणि घरातल्या जुन्या खोकल्यासारखी एखादी गोष्ट, कितीही किरकोळ वाटली तरी, न विचारताही सांगून टाकावी.